ब्रेकवरचा पाय

"कुटं जातंय खाली?" इलाही शिकलगारनं ब्रेकचं पेडल पुन्हा एकदा दणकून दाबलं आणि गाडीत बसूनच माझ्याकडे पाहिलं. "दगडावानी हाय काकू. बगा की, हलतंय का?"

खरंच हलत नव्हतं. मी दारातून वाकून पाहिलं. त्याचा पाय पेडलवर रोवलेला होता आणि पेडल निम्म्यावर जाऊन जे थांबलं होतं ते थांबलंच होतं. मला इतका राग आला की त्या पेडललाच चार शब्द सुनवावेसे वाटले. माझ्या पायाखाली तळाला जातंस आणि चारचौघांत मात्र शहाण्यासारखं वागतंस, असं.

मागे पद्माकर भाऊजींनी घसा खाकरला. माझ्या धाकट्या दिरांची ही जुनी सवय आहे; नकोसं काही सांगायचं असलं की ते आधी घसा साफ करतात. इलाहीनं ब्रेकमधली हवा काढली, लायनर बदलले, ब्रेक ऑइल टाकीत केसभरही उतरलेलं नाही, तेव्हा गाडीत दोष नाही, असं त्यांनी शांतपणे मांडलं. गाडीत नाही तर मग कुणात, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावंही लागलं नाही.

"वहिनी, राग मानू नका," ते म्हणाले, "ब्रेक समजून क्लचवर पाय पडत असेल तुमचा. होतं असं या वयात."

"भाऊजी, केतकी शाळेत होती तेव्हापासून मी गाडी चालवतेय. तुम्ही तेव्हा सायकलवरून पडत होता."

इलाही हसला. भाऊजी हसले नाहीत. कोरेगावचे एक मास्तर रविवारी गाडी बघायला येणार आहेत, असं त्यांनी सांगितलं. नागपूरला केतकीशीही त्यांचं बोलणं झालं होतं. आईला इकडे पाठवा, असं माझी लेक म्हणाली होती म्हणे. माझ्यापाठी माझा सगळा बंदोबस्त झाला होता, फक्त मला बांधून टपालात टाकायची राहिली होती.

भाऊजींचंही पूर्ण चुकत होतं असं मी म्हणणार नाही. आदल्याच आठवड्यात संध्याकाळी माझी गाडी घरासमोरच्या चढावरून मागे घसरली होती आणि शेजारच्या जाधवांच्या भिंतीला जाऊन टेकली होती. त्या भिंतीपाशी त्यांची नात भातुकली मांडून बसलेली असते. त्या दिवशी जाधववहिनींनी तिला दूध प्यायला आत नेलं होतं, म्हणून निभावलं. तिची चिमुकली चूल तेवढी चाकाखाली चपटी झाली. दुसऱ्या दिवशी मी तिला नवी चूल नेऊन दिली, पण गल्लीत व्हायचं ते बोलणं झालंच. शेडगेकाका गेल्यापासून काकूंचं लक्ष ठिकाणावर नाही, असं लोक म्हणू लागले. माझ्यासमोर कुणी बोललं नाही. पण मी साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केस पांढरे केलेत. लोक काय बोलायचं टाळतायत, ते मला त्यांच्या बोलण्याआधी ऐकू येतं.

आमचं घर गोडोलीच्या वरच्या अंगाला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. गल्ली सरळ डोंगरावर चढल्यासारखी चढते आणि आमच्या गेटपाशी संपते. गेटसमोर गाडी थांबवली की तिचं नाक आभाळाकडे होतं. नवी गाडी घेतली तेव्हा पहिल्याच महिन्यात हँडब्रेक ओढून आम्ही दोघंही उतरलो होतो आणि गाडी आपली आपण हातभर मागे सरकली होती. तेव्हापासून यांचा हँडब्रेकवरचा विश्वास उडाला आणि घरात कायदा झाला. चढावर ड्रायव्हरनं ब्रेकवरचा पाय काढायचा नाही, उतरायचं ते दुसऱ्यानं. यांची नजर अधू, त्यामुळे गाडी कायम मीच चालवायची. म्हणजे पाय माझा आणि उतरायचं यांनी.

यांनी उतरून मागच्या चाकाला दगड लावायचा, मग गेट उघडायचं. दगडही साधा नव्हता. खिडक्या रंगवून उरलेल्या निळ्या रंगानं यांनी तो रंगवला होता, अंधारात ठेच लागू नये म्हणून. पण दगड लागला म्हणून गेट उघडलं असं कधी झालं नाही. जाता जाता जास्वंदीच्या वाळक्या फांद्या खुडायच्या, जाधवांच्या आजोबांना तब्येत विचारायची, बिजागरी कुरकुरते का ते दोनदा हलवून बघायचं. दगडावर यांचा विश्वास आणि माझा कायद्यावर, म्हणून मी आपली पाय दाबून बसलेली. शेवटी काच खाली करून हाक मारायची, "अहो, पाय भरून आला माझा. या आता." की तिकडून यायचं, "आलो, आलो." वर्षानुवर्षं हेच. आमच्या संसारात प्रेमाचे शब्द फारसे नव्हते, जे होते ते हेच असावेत.

हे मार्गशीर्षात गेले. दोन दिवस ताप काय आला आणि माणूस संपलाच. दिवसकार्य झालं, केतकी नागपूरला परत गेली, पाहुणे पांगले. त्यानंतर मला गाडीची खरी गरज कळली. तो चढ मला पायी उतरता येई, पण गुडघ्यांमुळे चढता येत नसे. रिक्षावाले वर यायला कुरकुरत. गाडी होती म्हणून मी रोज खाली बाजारात जाऊ शकत होते. एक दिवस कोथिंबीर आणायची, दुसऱ्या दिवशी आलं. दोन्ही एकदम आणलं तर उद्या कशासाठी जायचं, हा प्रश्न पडे. गाडी गेली असती तर मी त्या चढावर कोंडले गेले असते, नाहीतर नागपूरला नातवाच्या अभ्यासाच्या खोलीत खाट टाकून राहिले असते. लेक प्रेमळ आहे, जावईही भला आहे. पण पिकलं पान झालं तरी आपल्या झाडावरून गळावं, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी भाऊजींना न सांगता एकटीच गॅरेजवर गेले. इलाहीचाही चेहरा पडलेला होता. त्याच्या शेडवर मोठ्या लाल अक्षरात 'ब्रेक स्पेशालिस्ट' असं लिहिलेलं आहे आणि गिऱ्हाईक नसलं तरी तो त्या पाटीखाली ऐटीत खुर्ची टाकून बसतो. कुणी त्याला साधी पंक्चर काढायला सांगितली तरी तो आधी ब्रेकची एखादी फुशारकी ऐकवतो. असा माणूस माझ्या गाडीपुढे हात टेकून बसला होता. बसा, म्हणाला, आज घाटातच बघतो हिला.

त्यानं गाडी यवतेश्वरच्या घाटात घातली. वळणावळणाला तो असा ब्रेक मारत होता की माझं कपाळ काचेवर आपटायचं बाकी राहिलं. पेडल काही गेलं नाही. वर पोचल्यावर त्यानं मला चालवायला दिली. मी खाली उतरून पुन्हा वर आणली. पेडल तेव्हाही गेलं नाही. मग आम्ही एका टपरीपाशी थांबलो. त्यानं दोन चहा सांगितले आणि दगडी कठड्यावर बसला.

"काकू, जातं कवा ते तरी सांगा," तो म्हणाला. "गाडी पळताना?"

"नाही. उभी असताना."

"उभी कुटं?"

"कुठंही. सिग्नलला वगैरे."

"नाक्यावरचा सिग्नल तर दिवाळीपासनं बंद हाय."

मी चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, "गेटपाशी जातं. गेट उघडेपर्यंत गाडी उभी असते ना, तेव्हा."

"गेट कोण उघडतं?"

"मीच. दुसरं कोण आहे घरात?"

त्यानं मान डोलावली. चहाचा घोट घेतला आणि मग तो थांबला. त्याला माझ्याबद्दल काही खोदायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याच्या डोक्यात फक्त ते पेडल होतं.

"मंग गेट तुमी उघडता," तो म्हणाला, "तर ब्रेकवर पाय कुणाचा असतोय?"

जन्मभर मी लोकांच्या तारा जोडत आले, पण त्या क्षणी माझीच तार कुणीतरी ओढून काढल्यासारखं झालं. आणि मग भलताच राग आला. तुला काय करायचंय, दुरुस्ती येत नसेल तर सांग, असं काहीबाही मी बोलले. टपरीवाला वळून बघायला लागला.

इलाही चिडला नाही. पेला खाली ठेवून तो म्हणाला, "ताकाला जाऊन भांडं लपवलं तर ताक कशात घालायचं काकू?"

मी उठले आणि गाडीत जाऊन बसले. तोही मुकाट्यानं शेजारी येऊन बसला. सगळा घाट मी एक शब्द न बोलता उतरवला. गॅरेज आलं तशी त्यानं दाराच्या कडीला हात घातला, पण मी गाडी थांबवली नाही. नाक्यावरून गोडोलीकडे वळले. त्यानं हात परत मांडीवर घेतला.

गल्लीच्या तोंडाशी मी पहिला गिअर टाकला. गाडी वर आली, गेटसमोर उभी राहिली. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि रोज बसते तशी बसले.

समोर गेट होतं. गेटाच्या खांबाला टेकून तो निळा दगड होता. त्यापलीकडे घराचं दार, आणि दाराला मी दुपारी लावलेलं कुलूप. आत जाऊन दिवा मीच लावायचा होता. चहाचं आधण एका कपाचं ठेवायचं होतं. नवऱ्यामागे बायको एकटी पडते, त्यात नवल काही नाही, जगात कितीतरी बायका तशा राहतात. मीही दिवसभर बरी असे. कोथिंबिरीवरून भाजीवालीशी हुज्जत घाली, जाधववहिनींच्या लोणच्याला नावं ठेवी. पण गाडी त्या चढावर आली की माझा पाय ब्रेकवर जाई आणि बाजूचं दार उघडायची मी वाट बघे. कायदा तसाच होता. उतरायचं ते दुसऱ्यानं.

जाधवांकडे कुकरच्या शिट्ट्या झाल्या. त्यांच्या नातीनं भिंतीपाशी नवी चूल मांडली होती. आमच्या गाडीकडे बघून तिनं तिचा पसारा गोळा केला आणि ती घरात गेली. मला त्याचं फार वाईट वाटलं. इंजिन चालू होतं. इलाही आता घरघरीकडे कान देत नव्हता, तो गेटाकडे बघत होता.

मग ते सुरू झालं. पाण्यात पाय सोडावा तसा माझा तळवा अलगद खाली जाऊ लागला.

"बघ," मी म्हणाले.

तो वाकला, अगदी माझ्या गुडघ्यापाशी डोकं नेऊन. "जातंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, पण त्यानं तो दाबला. "जातंय काकू. आता पाय उचलून परत दाबा."

मी दाबलं. पेडल वर आलं, घट्ट झालं.

"आता परत तसंच धरा. जोर लावू नका. मगा धरला हुता तसा."

मी धरलं. थोड्या वेळानं ते पुन्हा निघालं. त्यानं हँडब्रेक ओढला आणि मागे टेकून बसला.

त्यानं मला समजावून सांगितलं. आत मास्टर सिलिंडरमध्ये रबराची एक वाटी असते, ती झिजली होती. दणकून दाबलं की ती फुगते आणि घट्ट बसते. हळू धरून ठेवलं की तिच्या कडेनं ऑइल आतल्या आत मागं सटकतं. बाहेर थेंब सांडत नाही, टाकीत पातळी उतरत नाही, आणि पेडल मात्र खाली जातं. "आमी सगळी दणकून दाबणारी मानसं," तो म्हणाला. "एवढा वेळ, एवढ्या हळू कोण धरतंय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"रोज असं बसता?"

"हो."

"कुटवर?"

"पेडल जाईपर्यंत," मी म्हणाले. "ते खाली निघालं की मला कळतं, कुणी येणार नाही. मग हँडब्रेक ओढते, इंजिन बंद करते, गिअर टाकते आणि उतरते. त्या दिवशी लक्ष नव्हतं. रडू आलं होतं."

एवढं मी केतकीलाही सांगितलं नव्हतं. एका मेकॅनिकला सांगून बसले, तेही त्याची धड ओळख नसताना. त्याला सांत्वन करता आलं नाही. तसं काही त्याला येतही नसावं. तो दार उघडून खाली उतरला. गेटपाशी गेला, निळा दगड उचलला, मागच्या चाकाला लावला. मग गेटाची दोन्ही दारं सताड उघडली आणि बाजूला उभं राहून त्यानं हातानं मला आत यायची खूण केली. आत घेताना माझ्याकडून गाडी एकदा बंद पडली.

शनिवारी त्यानं नवा मास्टर सिलिंडर बसवला. रविवारी भाऊजी कोरेगावच्या मास्तरांना घेऊन गॅरेजवर आले, तेव्हा इलाही पाटीखाली खुर्ची टाकून बसलेला होता आणि शेजारी कागदावर ती काढलेली रबराची वाटी मांडलेली होती. मी धास्तावले होते. हा आता काय सांगतो, माझं काय काय चव्हाट्यावर मांडतो, असं झालं होतं.

त्यानं सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. म्हणाला, परवा काकूंची गाडी घेऊन चाललो होतो, तर पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा पडला. खोळंबून बसलो, पाय नुसता ठेवलेला ब्रेकवर, आणि गेलं की पेडल खाली. साताऱ्यात दुसऱ्या कुणाला हे सापडलं नसतं, हेही सांगायला तो विसरला नाही. ट्रॅक्टर किती ऊस भरून होता, ड्रायव्हर कसा झोपला होता, त्याची मिशी कशी होती, इथपर्यंत त्यानं रंगवून सांगितलं. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून येत होते.

भाऊजींनी ती वाटी तळहातावर घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. त्यांनी घसा खाकरला. "म्हणजे वहिनी बरोबर होत्या," ते मास्तरांना म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "चुकलंच माझं. गाडी विकायची नाही." मास्तरांना त्यांनी चहा पाजून कोरेगावला परत लावून दिलं. रात्री केतकीलाही त्यांनीच फोन करून सांगितलं. माणूस सरळ आहे, फक्त घाबरट आहे.

निघताना इलाही फडक्याला हात पुसत गाडीपाशी आला. "आता दिसभर पाय ठिऊन बसा काकू," तो ऐटीत म्हणाला. "तसूभर हलणार न्हाई." बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. मग तो कितीतरी वेळ हात पुसत राहिला, आणि ते तर कधीच स्वच्छ झाले होते.

त्या संध्याकाळी मी आलं आणायला म्हणून बाजारात गेले आणि परत आले. गल्ली चढून गेटसमोर गाडी उभी केली. ब्रेकवर पाय ठेवला.

पेडल घट्ट होतं. जाधवांकडे दिवे लागले. नातीला आत बोलावलं, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, थोड्या वेळानं ताटं वाढल्याचा आवाज आला. पेडल होतं तिथंच होतं. इतके दिवस घरात जायची वेळ झाली की ते मला सांगत असे. आता ते काहीच सांगत नव्हतं. त्या नव्या रबराच्या जोरावर मी उजाडेपर्यंत तिथं बसू शकले असते आणि मला कुणी उठवलं नसतं.

पोटरीत कळ यायला लागली. मी काच खाली केली.

"अहो," मी मोठ्यानं म्हणाले, "पाय भरून आला माझा. या आता."

हे गेल्यापासून हे वाक्य मी उच्चारलं नव्हतं. एक्स्चेंजमध्ये तार जोडली की पलीकडून आवाज येईपर्यंत गप्प राहायची आम्हाला शिस्त होती. तशी मी गप्प राहिले. जास्वंदीपाशी कुणी नव्हतं. बिजागरी वाजली नाही.

मग मी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी जागची हलली नाही.

"आले, आले," मी म्हणाले, आणि चाकाला दगड लावायला खाली उतरले.